वाकडे शेपूट की वाकडी नळी?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण कुत्र्यांपेक्षा माणसांसाठीच अधिक वापरतो. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत ती हटकून ऐकू येते. आठवीत आलेल्या मुलाला साधा भागाकार जमत नसेल, किंवा पन्नाशीच्या सहकाऱ्याला संगणकावर निकालपत्रक भरायला शिकवायचे असेल, की कोणीतरी हसत हसत ही म्हण टाकतो आणि विषय तिथेच संपतो. इंग्रजीत तिची एक चुलतबहीण आहे : म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या करामती शिकवता येत नाहीत. तिचा माग फिट्झहर्बर्टच्या १५२३ सालच्या शेतीविषयक पुस्तकापर्यंत लागतो. मेंढपाळाच्या कुत्र्याला जे शिकवायचे ते पिल्लू असतानाच शिकवावे, असा सल्ला त्यात आहे.

या दोन म्हणी सारख्या वाटल्या तरी एक नाहीत. आपली म्हण स्वभावाला दोष देते, इंग्रजी म्हण वयाला. पण एका बाबतीत दोघींचे एकमत आहे : न शिकण्याचे कारण कुत्र्यातच आहे. नळी कशी होती, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारणारे एक पुस्तक म्हणजे अमेरिकेतल्या कॅरन प्रायर यांचे ‘डोन्ट शूट द डॉग!’. ते १९८४ साली आले आणि १९९९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. नाव कुत्र्याचे असले तरी ते केवळ कुत्र्यांचे पुस्तक नाही. शिकणे आणि शिकवणे हाच त्याचा विषय आहे. शिक्षकांनी ते वाचावे असे आम्हांला वाटते. मात्र हातात पेन्सिल घेऊन वाचावे, कारण त्यात जितकी वाक्ये अधोरेखित करण्यासारखी आहेत, तितक्याच ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह काढण्यासारखेही आहे.

डॉल्फिनला साखळी घालता येत नाही

प्रायर यांचे शिक्षण कुत्र्यांच्या नव्हे, डॉल्फिनच्या सहवासात झाले. १९६०च्या दशकात त्या हवाईमधल्या ‘सी लाइफ पार्क’मध्ये डॉल्फिनना शिकवत होत्या. कुत्र्याला गळ्यात साखळी घालून ओढता येते, घोड्याला लगाम असतो. डॉल्फिनला यातले काहीच करता येत नाही. रागावलात तर तो पोहत टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. हातात उरते फक्त माशांची बादली. म्हणजे हवे ते वर्तन घडले की त्याला फळ मिळवून द्यायचे, एवढा एकच मार्ग.

यामागचे शास्त्र जुने होते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते की ज्या कृतीचे फळ सुखकारक असते ती पुन्हा पुन्हा घडू लागते. पुढे बी. एफ. स्किनर यांनी यालाच साधक अभिसंधानाचे रूप दिले आणि अशा फळाला ‘प्रबलन’ हे नाव रूढ झाले. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या डिसेंबर १९५१च्या अंकात स्किनर यांनी प्राण्यांना कसे शिकवावे यावर सामान्य वाचकांसाठी लेखही लिहिला होता. जत्रेत मिळणारे, दाबले की टक्‌टक् वाजणारे पत्र्याचे खेळणे असते ना, तसले एक खेळणे घ्या, आवाज आणि खाऊ यांची सांगड घाला, मग तो आवाजच ‘बरोबर!’ असे सांगू लागेल, अशी ती कल्पना. आजचा ‘क्लिकर’ तो हाच.

आवाज कशासाठी? कुत्र्याने मान वळवली त्या क्षणी खाऊ त्याच्या तोंडात पोचत नाही. आपण खिशात हात घालेपर्यंत त्याने उडी मारलेली असते, आणि खाऊ मिळतो तो उडीला. आवाज मात्र नेमक्या क्षणावर बोट ठेवतो. वहीतल्या चुका आठवड्याने लाल शाईत दाखवणे आणि गणित सोडवत असतानाच ‘ही पायरी बरोबर’ असे म्हणणे यांतला फरक यावरून ध्यानात यावा.

एक करामत, पायरी पायरीने

पुस्तकाचा सर्वांत सकस भाग म्हणजे ‘आकारणा’चे प्रकरण. हवे असलेले वर्तन आज अस्तित्वातच नसेल तर ते घडवायचे कसे, याचे दहा नियम त्यात आहेत. आठ वर्षांच्या, आजवर काहीही न शिकलेल्या घरच्या कुत्र्याला स्वतःभोवती गिरकी घ्यायला शिकवायचे आहे असे समजू. पहिल्या दिवशी त्याने मान किंचित उजवीकडे वळवली की टक् करायचे आणि पोळीचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. मान वळणे वारंवार होऊ लागले की केवळ मानेला फळ नाही, खांदाही वळला पाहिजे. मग एक पाऊल, मग पाव वर्तुळ, मग अर्धे. गिरकी स्वतःहून येऊ लागली म्हणजे तिच्या आधी हाताचा इशारा करायचा, आणि इशाऱ्याशिवायच्या गिरकीला फळ द्यायचे नाही. शब्द किंवा इशारा शेवटी येतो, आधी नाही. आपण बहुतेकदा उलट करतो : ‘फिर, फिर’ असे ओरडत राहतो आणि त्या शब्दाला काहीच अर्थ नाही हेच कुत्र्याला शिकवतो.

प्रायर यांचे नियम साधे आहेत. पायरी इतकी लहान ठेवा की यश मिळण्याची शक्यता नेहमी राहील. एका वेळी एकच गोष्ट शिकवा. नवी अट घालताना जुन्या अटी थोड्या सैल सोडा. आलेले बिघडले तर बालवाडीपर्यंत मागे जा, आणि भरभर पुन्हा वर या. एक रीत चालत नसेल तर दुसरी वापरून पाहा. आणि जमले आहे तोवरच थांबा.

यांतला प्रत्येक नियम शिकवणाऱ्याला उद्देशून आहे, कुत्र्याला उद्देशून एकही नाही. पायरी मोठी झाली तर चूक पायरी ठरवणाऱ्याची. या पुस्तकाचे खरे मोल आम्हांला इथे दिसते. ‘डोक्यात शिरतच नाही’ या वाक्यात कर्ता विद्यार्थी असतो. प्रायर तो बदलतात.

पुढच्या प्रकरणात नको असलेले वर्तन घालवण्याच्या आठ पद्धती आहेत. पहिली म्हणजे प्राण्यालाच गोळी घालणे. पुस्तकाचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. नोकराला काढून टाकणे ही तिचीच माणसांतली आवृत्ती. त्रास संपतो, पण शिकत कोणीच नाही. दुसरी पद्धत शिक्षा. तिच्याविषयी लेखिकेचा आक्षेप नैतिकतेपेक्षा व्यवहाराचा आहे : शिक्षा बहुधा कृती होऊन गेल्यावर येते, आणि काय करू नये ते सांगितले तरी काय करावे ते सांगत नाही. हा आक्षेप पुढच्या संशोधनात टिकला. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ओढणे, धाक घालणे अशा रीतींनी शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतल्या कॉर्टिसॉलचे प्रमाणही अधिक वाढले.

नियम किती सार्वत्रिक?

आता समासातली प्रश्नचिन्हे. पहिले पुराव्याविषयी. पुस्तकात प्रसंग पुष्कळ आहेत : कपडे पसरून ठेवणारा खोलीमित्र, रात्रभर भुंकणारा कुत्रा, टेनिसमधला चुकीचा फटका, ओट्यावर चढणारी मांजर. ते वाचायला गोड आहेत आणि पटतातही. पण सगळे यशाचे आहेत. किती वेळा करून पाहिले आणि किती वेळा फसले, हा हिशेब नाही. डॉल्फिनच्या बाबतीत लेखिकेने स्वतः पद्धतशीर नोंदी ठेवून संशोधन केले आहे. नवे, पूर्वी कधी न केलेले वर्तन केले तरच फळ, अशा अटीवर डॉल्फिन नवनवे प्रकार करू लागतात, हा त्यांचा १९६९चा शोधनिबंध प्रसिद्धच आहे. तीच शिस्त माणसांच्या उदाहरणांना लावलेली नाही. अनुभव आणि प्रयोग यांतला फरक आपण मुलांना शिकवतो. इथे तो आपणही पाळावा.

दुसरे प्रश्नचिन्ह ‘सर्वांना लागू’ या दाव्याविषयी. स्किनर यांचेच विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी जाहिराती आणि जत्रांसाठी हजारो प्राणी शिकवले, आणि १९६१ साली आपल्या अपयशांवर एक निबंध लिहिला. रॅकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवले. एक नाणे असेपर्यंत ठीक चालले. दोन दिल्यावर तो ती टाकेचना, एकमेकांवर घासत बसे. डुकरे लाकडी नाणी उचलून नेण्याऐवजी वाटेतच टाकून नाकाने उकरू लागली. खाऊ मिळायला उशीर होत होता, तरी हे थांबेना. आपापल्या जातीत अन्न मिळवण्याचे जे जन्मजात वर्तन, ते शिकवलेल्या वर्तनावर मात करत होते. म्हणजे आपल्या म्हणीत थोडे तथ्य आहे : शेपटाला स्वतःचा बाक असतो. कळप वळवण्यासाठी निपजलेल्या कुत्र्याला धावत्या सायकलीकडे दुर्लक्ष करायला शिकवणे आणि वास काढण्यासाठी निपजलेल्याला ते शिकवणे, ही सारखी कामे नव्हेत. प्रायर प्राणिवर्तनाच्या जाणकार होत्या, त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण ‘नियम’ या शब्दाच्या जोरात हा बाक पुस्तकात पुसट होतो.

वयाचे काय?

ज्या प्रश्नासाठी आम्ही हे पुस्तक हाती घेतले, त्याला त्यात स्वतंत्र प्रकरणच नाही. प्रबलनाने कोणीही शिकतो, असे गृहीत धरून लेखिका पुढे जाते. निष्कर्ष बराचसा बरोबर असला, तरी गृहीत धरणे म्हणजे दाखवणे नव्हे.

लहान वयाला खास महत्त्व आहे, हे खरे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षे काम करून १९६५ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात पिल्लाला माणूस भेटला नाही, तर पुढे ते माणसाला भिते आणि ही भीती घालवणे फार अवघड जाते, असे त्यांना आढळले. पण ही गोष्ट ओळखीची आणि विश्वासाची आहे, करामतींची नव्हे. म्हणीने या दोन्ही एका पोत्यात भरल्या.

करामतींचे उत्तर व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातून आले. तिथल्या संशोधकांनी ५ महिने ते १३ वर्षे वयाच्या ९५ बॉर्डर कॉली कुत्र्यांना पडद्यावरची चित्रे नाकाने निवडायला शिकवले. काही चित्रांना खाऊ, काहींना नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष तीन भागांत सांगता येतील. एक : वयस्क कुत्र्यांना हा फरक शिकायला जास्त आवर्तने लागली, आणि चूक झाल्यावर निवड बदलायला ते अधिक वेळ घेत. दोन : एक नवे चित्र आणि एक आधी ‘चूक’ ठरलेले चित्र समोर ठेवले असता, ‘हे चूक, म्हणून ते बरोबर’ असा तर्क वयस्क कुत्र्यांनी तरुणांपेक्षा सरस केला. तीन : सहा महिन्यांनी पुन्हा तपासले, तर शिकलेले आठवण्यात वयानुसार फरक आढळला नाही.

पहिल्या दोन निष्कर्षांचे संशोधकांनी सुचवलेले कारण एकच आहे : वयस्क कुत्रा शिकलेल्या गोष्टीला चिकटून राहतो. ‘हे चित्र चूक’ ही गाठ त्याच्या मनात घट्ट असते. ती सोडायची असेल तेव्हा आपण तिला हट्ट म्हणतो, आणि तिच्यावर विसंबून पुढचे अनुमान करायचे असेल तेव्हा तीच उपयोगी पडते. शिकवणाऱ्याला यातून वाट सापडते. वयस्क कुत्र्याला जुने मोडून नवे शिकवू नये, जुन्याच्या शेजारी नवे उभारावे. ‘ये’ म्हटल्यावर वर्षानुवर्षे ओरडाच मिळाला असेल, तर तो शब्द घासत बसू नये. नवा शब्द घ्यावा, आणि त्याच्याशी फक्त चांगलेच जोडावे.

आपल्या देशातला एक अभ्यास तर अधिक बोलका आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. दोन वाडग्यांपैकी एकाकडे अनोळखी माणसाने बोट दाखवले तर कुत्रा काय करतो, हे त्यांनी पाहिले. तो निबंध २०१७ सालचा. लहान पिल्ले बोटामागे सहज गेली. मोठे कुत्रे तसे गेले नाहीत. पण या माणसाने मागच्या वेळी खरेच खाऊ दाखवला होता की फसवले होते, यावरून आपले वागणे बदलले ते प्रौढ कुत्र्यांनीच. हा मंदपणा म्हणायचा, की शिकवणाऱ्याची पारख?

अर्थात शरीराचे वय विसरून चालणार नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात, ऐकू कमी येते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. मागच्या दोन पायांवर उभे राहणे हा त्याच्यासाठी खेळ नव्हे, ती शिक्षा होईल. काही कुत्र्यांत मेंदूचा ऱ्हासही होतो, आणि त्यात माणसाच्या अल्झायमर आजारासारखे अमायलॉइड प्रथिनाचे थर सापडतात. तेव्हा प्रश्न शिकवण्याचा नसून पशुवैद्याचा असतो.

वर्गात नेताना

कुत्र्यावरून माणसावर उडी मारण्याचा मोह या पुस्तकाला आवरत नाही. तो आपण आवरू या. माणसांबद्दल बोलायचे तर पुरावाही माणसांचा हवा, आणि तो आहे. थॉर्नडाइक यांनीच १९२८ साली प्रौढांच्या शिकण्यावर ग्रंथ लिहिला. विशी-पंचविशीनंतर शिकण्याची क्षमता घटते, पण ती फार मंद, वर्षाला सुमारे एक टक्का या वेगाने, असे त्यांनी मांडले. तेव्हा प्रौढांना शिकवण्यात अर्थ नाही, या समजाला तो मोठा धक्का होता. आपल्याकडे १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत प्रौढ माणसे हातात पाटी घेऊन बसली. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात २०१६ साली साठी उलटलेल्या बायकांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ उघडली. या माणसांना शिकवण्यासाठी क्लिकर लागला नाही. शिकण्याचे कारण त्यांच्याजवळ स्वतःचे होते.

इथे पुस्तकाची मोठी मर्यादा उघडी पडते. प्रबलनाने कृती घडते, समज घडेलच असे नाही. पाढा म्हणवून घेता येईल, पण सात आठे छप्पन्न का, हे टक् आवाजाने कळत नाही. शिवाय माणसाच्या बाबतीत बक्षीस उलटूही शकते. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली मुळात चित्रांची आवड असलेली बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी इतरांच्या निम्म्यानेच वेळ चित्रांना दिला. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. आमिष आणि दाद यांत फरक आहे. प्रायर यांचे पुस्तक घाईने वाचणारा शिक्षक या दोन्हींची गल्लत करील, ही आमची खरी भीती आहे.

मग या पुस्तकातून वर्गात न्यायचे काय? आमच्या मते, बक्षिसांची यादी नव्हे, तर दोष शोधण्याची दिशा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. छडी गेली, पण ‘हा आता काय शिकणार’ हे वाक्य गेले नाही. त्याच्याही मुळाशी पहिल्याच पद्धतीची वृत्ती आहे : मुलाला बदलायचे नाही, हिशेबातूनच काढून टाकायचे. भागाकार न येणाऱ्या आठवीतल्या मुलापाशी चार वर्षांचे ‘चूक’ साचलेले असते. फळ्यापाशी बोलावले की काय होते, हे तो पक्के शिकलेला आहे. तो शिकत नाही असे नव्हे, आपण नकळत शिकवलेले तो विसरत नाही. त्याला वजाबाकीपर्यंत, गरज पडली तर गोट्या वाटण्यापर्यंत मागे न्यावे आणि भरभर वर आणावे, हा सल्ला कुत्र्यासाठी लिहिलेला असला तरी इथे कामाचा आहे. तो चालतो की नाही, हे मात्र त्या मुलाच्या वहीतच तपासायचे.

करून पाहा

पुस्तकातला एक खेळ वर्गात सहज करता येतो. एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवा. बाकीच्यांनी एक साधी कृती ठरवावी, जसे खिडकी उघडणे. तो आत आल्यावर कोणी बोलायचे नाही. ठरलेल्या कृतीकडे नेणाऱ्या प्रत्येक हालचालीला एकाने टाळी वाजवायची. शिकणारा गोंधळला की शिकवणाऱ्याने कोणती पायरी मोठी घेतली, याची चर्चा करा. मग भूमिका बदला. विशेषतः शिक्षकांनी एकदा तरी बाहेर जाऊन यावे.

ज्यांच्या घरी प्रौढ कुत्रा आहे त्यांनी नाकाने तळहाताला स्पर्श करणे शिकवून पाहावे. रोज तीन-चार मिनिटे पुरेत. उपाशी ठेवू नये, आणि चॉकलेट, मनुका, कांदा हे कुत्र्याला विषारी असल्याने खाऊ म्हणून देऊ नयेत. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यावर हा प्रयोग मुळीच करू नये, चावा आणि रेबीज यांचा धोका असतो. वहीत रोज दोन रकाने भरा : कुत्र्याने काय केले, आणि त्याआधी आपण काय केले. दहा दिवसांनी दुसरा रकाना आधी वाचा.